बाहेर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अर्धं नागपूर रस्त्यावर असतं.
गजभिये मॅडमनी मात्र आइसबॉक्स भरायला सांगितला.
बारा बाटल्या, मुंगीएवढ्या अक्षरांची लेबलं.
गाडी मी चालवत होतो.

इतवारीत अडकलो.
पिवळी मारबत येत होती,
पोट्टे घसा फाडून ओरडत होते,
खोकला, डेंग्यू, महागाई, पेपरफुटी,
सगळं घेऊन जाऽऽ गे मारबत!
काच खाली करून मीही एकदा ओरडून घेतलं.

मॅडम हसल्या. मग म्हणाल्या,
"नत्थूजी, ती नेते कुठे हो हे सगळं?"
"गावाबाहेर, जी."
"बाहेर म्हणजे?"
पुढची गर्दी हलली तरी
माझा पाय ब्रेकवरच.

बाहेर म्हणजे वीस किलोमीटर.
कारखान्याच्या मागच्या भिंतीतून एक पाईप,
पाईपाखाली नाला, नाल्यापुढे नदी,
नदीकाठी वांगी, चवळी, सांभार.
तोच सांभार बुधवारी बाजारात,
रात्री आपल्या रश्श्यावर, हिरवागार.

गमबूट घालून मॅडम पाण्यात उतरतात.
त्याच पाण्यानं बाटली तीनदा खंगाळतात,
मग काठोकाठ भरतात,
बुडबुडासुद्धा राहू देत नाहीत.
म्हणतात, हवा राहिली की पळवाट राहते.

मागच्या उन्हाळ्यात जनसुनावणी झाली.
वकिलानं विचारलं, "मर्यादेच्या आतच आहे ना, मॅडम?"
"आहे," त्या म्हणाल्या.
गाववाल्यांची तोंडं उतरली.
मग पहिल्या रांगेतल्या प्रांजूला त्यांनी
वजनकाट्यावर उभं केलं
(काटा गाडीतून मीच आणला होता,
काऊन ते न विचारता).
अठरा किलो.
"तुमची मर्यादा साठ किलोच्या माणसाची.
हिच्या मापाची कुठे लिहिली, दाखवा."
टेबलावरची पानं
फक्त पंख्यानं उलटली.

'नोंद घेतली' असं इतिवृत्तात आहे.
पाईपाला कोणीतरी निळा रंग दिला.

परतताना अंधार पडला होता.
मारबत जाळून झाली होती.
नाल्याच्या कडेला राख, बांबूच्या कामट्या,
आणि पाण्यावर पिवळा तवंग, हळूहळू
वस्तीकडे सरकणारा.
"थांबवा," मॅडम म्हणाल्या.
बारा बाटल्या भरलेल्या,
तेरावी त्यांनी पर्समधून काढली, पिण्याच्या पाण्याची,
घोटभर उरलेलं मला प्यायला लावलं.

मी टॉर्च धरला, लेबल काढलं.
"ठिकाण काय लिहू, जी? गावाबाहेर?"
त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं
आणि माझ्याच घराचा
वॉर्ड नंबर लिहिला.