आठ नंबर

खडेबाजारात दुकानदारानं आधी पिवळे टाकले पुढ्यात,
भांडी घासायचे. मी उचललेसुद्धा नाहीत.
मग निळे, तळव्याला खडबडीत रबर, पाठीला नुसतं कापड.
"पकड बघा," म्हणाला.
पकड हाय, खरं पाणी पाठीकडनं येतंय की हो,
गाजरं धुताना हात काय उताणा ठेवू?

पहाटे चारला कडोलीच्या हौदात
पाणी हाडाला विचारत जातं.
पौषात बोटं आधी दुखतात,
मग दुखायची थांबतात,
थांबली की भ्यायचं.
परवा जुडी बांधताना सुतळी बोटात हाय की सुटली
हे मला बघून कळलं.

काळे निघाले, कोपरापर्यंत, जाडजूड.
घातले, पिशवीतली सुतळी काढली
आणि त्याच्याच स्टुलाच्या पायाला गाठ मारायला बसले.
बोटं म्हशीच्या खुरासारखी. गाठ बसेना.
गिऱ्हाईकं हसली. हसूदेत.

चौथा जोड हिरवा.
आत सुती अस्तर, मनगटाच्या वर चार बोटं रबर.
तोंड पिळून फुगवला, गालाशी धरून दाबला,
कुठनं वारं लागतंय काय.
नाही लागलं.
अस्तर उलटून वाळवता येतंय काय, विचारलं.
"एष्ट केळतीरि, अक्का!" तो कन्नडात वैतागला.
मी उलटून बघितलंच.

"नंबर?"
ब्लाउजातनं घडी काढली.
पेपरचा तुकडा, त्यावर चिखलात उठलेला डावा पंजा.
माझा नव्हे, निंगव्वाचा.
त्यावर माझा हात ठेवला:
तिची करंगळी लांब, माझा अंगठा बसका.
सात तिला चावेल, नऊ माझ्यातनं गळेल.
आठ. दोन जोड.

आता ऐकाच म्हटलं त्याला.
काथ्यानं घासून घासून माझा उजवा
महिन्यात अंगठ्याला फाटतोय, डावा नवाच राहतोय.
माझ्या कुंपणाच्या काटीवर पाच डावे हात हायत,
येणाऱ्याजाणाऱ्याला थांब म्हणत.
आणि चार हिवाळे एकाच हौदाला समोरासमोर उभ्या,
तरी निंगव्वा डावखुरी हे मला परवा दिसलं,
तिनं चुन्याची डबी पुढं केली तेव्हा.
तिच्या घरी उजवे पडल्यात. उंदरानं एकात पिल्लं घातली.
आमचे जुने एकमेकीला बसेनात,
म्हणून हा पंजा, म्हणून हा नंबर.

तो बराच वेळ कागदाकडं बघत राहिला.
मग दहा रुपये सोडले, वीस मागितले होते.

बसमध्ये एक घालून बघितला, कोरडा.
आत कुणाचाच हात नव्हता अजून, नुसता रबराचा वास.
निंगव्वा म्हणेल, हिरवा कशाला,
पाल्यात पडला तर सापडणार काय.
हे मला सुचलं नव्हतं.



बघू. उद्या चारला पाणी काय म्हणतंय.