गाठी

पुंता अरेनासमध्ये वाऱ्याला कुणी वारा म्हणत नाही नोव्हेंबरात,
नुसतं "आला" म्हणतात,
आणि पालिकेची माणसं चौकात दोर बांधून जातात
या खांबापासून त्या खांबापर्यंत,
धरून चालायला.

आन्सेल्मो साडेपाच वर्षांचा.
वर्गाच्या दारात यायचा आणि थांबायचा.
दारापासून गालिचापर्यंत अकरा पावलं.
माझी अकरा. त्याची किती,
हे मार्चपासून जूनपर्यंत मला विचारायचंही सुचलं नाही.

भिंतीवर चित्रं लावली: कोट, खुंटी, खुर्ची, फळ.
कानांवर निळे हेडफोन दिले.
गोड बोलले. मग कमी बोलले.
एकदा, कबूल करते, हात धरून ओढलं त्याला.
किंचाळला नाही. खाली बसला,
पोतं टेकवावं तसा,
आणि बाल्तासारने मागून विचारलं,
"सेन्योरिता इर्मा, तो तुटला का?"

दोरीची युक्ती माझी नाही. सगळ्यांना वाटतं माझी.
रायेनची ती. पुढचे दोन दात पडलेली रायेन,
तिने आपली उड्यांची दोरी दाराच्या कडीला अडकवली,
दुसरं टोक गालिचाजवळच्या टेबलाच्या पायाला,
आणि म्हणाली, "त्याला आतसुद्धा वारा लागतो ना."

आत कुठला वारा?
होता की.
दिव्याच्या नळीची गुणगुण, बावीस जोड बूट,
गॅसच्या हीटरची धाप, माझं ते समजूतदार हसू,
सगळं एकदम तोंडावर.

त्याने दोरी धरली. लगेच नाही हो,
पुढच्या गुरुवारी.
वडील माझे खेकड्यांच्या बोटीवर होते,
गाठी मला येतात. सात मारल्या.
प्रत्येक गाठीशी तो थांबतो,
अंगठा फिरवतो, पुढे सरकतो.
आम्ही तेवीस जण थांबतो.
कधी कधी फळं खायची राहून जातात.

तपासणीच्या बाईंनी लिहिलं:
"वर्गात अडथळा. पडण्याचा धोका."
मी दोरी सोडली. चार दिवस तो उंबरठ्यावर.
पाचव्या दिवशी पुन्हा बांधली, वीतभर खाली,
आणि बाईंच्या कागदावर सफरचंदाची सालं काढली.

काल शाळा सुटल्यावर चौकात
आला.
डोळ्यांत खडे मारणारा, खराखुरा.
माझ्या एका हातात आन्सेल्मोचं दप्तर, दुसऱ्यात फाइली,
दोर धरायला हातच उरला नाही.
मी हेलपाटले.

त्याने माझी करंगळी पकडली,
नेली दोराकडे.
पालिकेच्या दोराला गाठ एकच असते, खांबाशी.
तिथे नेऊन ठेवली
आणि थांबला.

माझ्यासाठी थांबला,
की गाठीशी थांबायचंच असतं म्हणून,
मला ठाऊक नाही.
फाइलीतला एक कागद उडाला, जाऊ दिला.
अंगठा फिरवला.
मग पुढे.