पावलांची राखण

हिवाळ्यात घर रिकामं आहे हे
कुलूप सांगत नाही, बर्फ सांगतो.
बावीस वर्षं मी विनिपेगच्या या गल्लीत टपाल वाटते,
फाटकापासून दारापर्यंतचा बर्फ
मला पत्त्यासारखा वाचता येतो:
इथे काल पाहुणे होते.
इथलं कुत्रं आता लंगडतं.
इथला मुलगा रात्री फार उशिरा आला, कुंपण धरत धरत.
आणि सायीसारखं न मोडलेलं एखादं अंगण,
ते तर चोरालाही वाचता येतं.

माग्बानुआ मंडळी नाताळाला इलोइलोला गेली,
चार वर्षं पैसे साठवून, तीन आठवड्यांसाठी.
टपाल थांबवायचा अर्ज माझ्याकडे,
किल्ली शेजारच्या ओरेस्ट हलुश्काकडे.
म्हणजे घरात माणूस नाही हे
अख्ख्या गल्लीत आम्हा दोघांनाच ठाऊक.

तरी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दारात पावलं.
जाणारी, येणारी,
कचऱ्याच्या डब्याला वळसा घालणारी,
आणि मधूनमधून जोवेलिनच्या छोट्या बुटांचीसुद्धा,
नक्षीसकट.
मी थबकले.
छोट्या ठशांच्या बाजूला
गुडघ्यांचे दोन खोल खळगे होते.
डोळ्यांपुढे आलं: पहाटेच्या अंधारात
हातांत पोरीचे बूट घालून
ओणवा झालेला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस
बर्फावर एक मूल चालवतोय.

पुढच्या आठवड्यात थंडी उणे एकतीसवर गेली.
आणि ओरेस्टच्या पायऱ्यांवर
फक्त माझेच ठसे दिसू लागले.
सोमवारचे माझे. मंगळवारचे माझे.
पेटीत विजेचं बिल तसंच,
त्यावर दवाखान्याचं पत्र तसंच.
दार ठोठावलं. हाक मारली.
काचेला कपाळ लावून आत पाहिलं,
तर काच माझ्याच श्वासाने आंधळी झाली.

पोटात गोळा आला, तेवढ्यात शेजारी
माग्बानुआंच्या स्वयंपाकघरात पडद्यावर सावली हलली.

टेबलावर पत्ते मांडून बसला होता.
फ्रिजवर नेस्टरच्या अक्षरातली यादी:
मुख्य नळ बंद. हीटर पंधरावर.
दिव्याला टायमर, पाच ते साडेदहा.
आणि खाली लाल शाईत, जोवेलिनसाठी:
परत येईपर्यंत एकही फोटो टाकायचा नाही!

"टायमरचा दिवा खोटा वाटतो गं," ओरेस्ट म्हणाला,
"रोज ठोक्याला लागतो, ठोक्याला विझतो.
माणूस असा कुठे जगतो?
दिव्याखाली कोणीतरी हलायला नको?"
"मग तुमचं घर?"
त्याने राजावर राणी ठेवली.
"त्यात काय आहे चोरायला?"

मग स्वतःहूनच बोलत राहिला.
सहा जानेवारीला आमच्यात जेवायला बसताना
एक ताट जास्तीचं मांडतात,
जे नाहीत त्यांच्यासाठी.
हे लोक नऊला येणार.
म्हणजे यंदा चार मांडावी लागतील.
बोटं मोजली त्याने:
नेस्टर, रोवेना, पोरगी.
चौथं बोट नुसतंच उघडलं.

मी विचारलं नाही.
मागल्या मार्चपर्यंत स्तेफाच्या नावाचं
विणकामाचं मासिक मीच टाकत होते की.

आज त्याच्यासाठी टपाल नव्हतं.
तरी फाटक उघडून दारापर्यंत गेले,
परत आले, डब्याला वळसा घातला.
गल्लीत चिटपाखरू नव्हतं.
मग पिशवी कुंपणाला अडकवून
आणखी एक फेरी मारली,
पावलं जवळजवळ टाकत,
उजवा पाय जरा आत वळवून,
स्तेफा चालायची तशी.

रात्री बर्फ पडणार आहे म्हणतात.
म्हणजे उद्या पुन्हा.