तूप नको

सव्वा वाजता हिशेबाचं कपाट बंद होतं
आणि मी लक्ष्मी रस्त्यावर उतरते,
साड्यांच्या बाहुल्यांसमोरून, पिनांच्या गाड्यांना वळसा घालत,
एका ताटाच्या शोधात.

पाट्यांवर सगळीकडे 'शुद्ध शाकाहारी'.
शुद्ध म्हणजे काय ते आत जाऊन विचारावं
तर गल्ल्यावरचे गृहस्थ पेपरआडून म्हणतात,
साजूक आहे, घरी कढवलेलं,
बेचाळीस वर्षं झाली.
मी म्हणते, तेच नकोय.
तेव्हा पेपर खाली येतो.

उपास?
नाही.
डॉक्टरांनी सांगितलंय?
नाही.
मग जैन थाळी देतो, कांदा-लसूण नसतो त्यात.
कांदा चालतो हो. लसूण तर हवाच.
मग तुम्हाला काय चालत नाही
ते एकदा कागदावर लिहून आणा.

लिहायला बसलं की कागद पुरत नाही.
कोशिंबिरीतलं दही, पोळीवर फिरलेला हात,
सुरळीच्या वडीतलं ताक,
अळूच्या भाजीतसुद्धा कुणीकुणी घालतं म्हणे.
शिरा तर सोडाच.

मंडईमागे झुणका मिळतो, खरा, तेलाचा,
वर ठेचा, आणि भाकरी अशी की बोट भाजावं.
पण त्या बाई मनाला येईल तेव्हा येतात.
डेक्कनला एक काचेची जागा निघालीय,
तिथे माझं सगळं चालतं. बदामाचं दूध, सोयाचं पनीर.
तिथल्या एका बशीत माझा आठवडा जातो
आणि भात मागितला तर
भातासारखं काहीतरी देतात.

कुणी विचारतं, का गं पण?
काय सांगू?
औशाला आमची म्हैस होती, चंद्री.
तिचं रेडकू दगावलं सातव्या दिवशी.
अण्णांनी त्याच्या कातड्यात भुसा भरून घेतला,
चार काठ्यांवर उभं केलं गोठ्यात.
चंद्री त्याला चाटायची आणि पान्हा सोडायची.
त्या दुधाचा चहा मी प्यायले,
साय मागून घेतली, बोट घालून.
घरात कुणी वाईट नव्हतं.
हे सव्वा वाजता गल्ल्यावर,
मागे सहा माणसं ताटकळत असताना,
कसं सांगतात?

शनिपाराजवळ झेरॉक्सच्या दुकानावर
दोराला धरून चढायचा जिना आहे.
वर शशिकला ढमढेरे यांची खानावळ.
तीस कुपनांचं पुस्तक, पाण्याला स्टीलचे तांबे,
वाढायला केरबा.
पहिल्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत
त्याच्या पळीची धार माझ्या भातावर.
मी बघत राहिले. बाईंनी मला बघताना बघितलं.
ताट उचललं, नवं वाढायला सांगितलं,
आणि माझं ते ताट भिंतीशी उभ्या राहून
स्वतः जेवून टाकलं, घास न घास.
विचारलं काहीच नाही.

नंतर मटकीची उसळ आली, भरल्या वांग्याला दाण्याचं कूट,
काकडी आली, दह्याविना, लिंबू पिळलेली.
पंधराएक दिवसांनी भातावर
घाण्याचं कच्चं तेल आलं, चमचाभर.
वरून काहीतरी लागतंच, बाई म्हणाल्या,
कोरडा भात तुटून पडतो गळ्यात.

त्या दिवशी गर्दी नव्हती.
मी सांगितलं. चंद्रीचं, भुशाचं, साईचं.
बाई कुपनं मोजत होत्या.
मोजत राहिल्या.
मग म्हणाल्या, आमच्याकडेही होती म्हैस. पानशेतला.
पुढे बोलल्या नाहीत.
केरबानं आमटी आणली. फार तिखट झाली होती.
मी पुन्हा मागितली.

गुरुवारी खानावळ बंद.
गुरुवारी मी केळी खाते, शनिपाराला, उभ्याउभ्या,
आणि सालं पिशवीत घालून
कामावर परत जाते.