लाल मागितला, हिरवा आला

अनंत चतुर्दशीला दोन रात्री उरल्या होत्या.
परदेशीपुऱ्यात, बंद गिरणीच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली
ट्रॉलीवर कालिया बसवलेला, पाच फण्यांचा,
अंगभर सहाशे दिवे, एकेक बोराएवढा.
मी पालथ्या बादलीवर. मांडीवर लॅपटॉप.
डास.

डोळ्यांना लाल दिला,
हिरवे झाले.
शेपटीला हिरवा दिला, ती पेटली लालभडक.
कृष्ण तेवढा निळा मागितला तर निळाच.
"देव बरोबर आहे," गोविंद चौकसे म्हणाला,
"बाकीचं बघून घे, दीदी."

बघितलं. या तारेत हिरवा आधी बोलतो,
मग लाल, शेवटी निळा,
आणि मी आपली शाळेतल्यासारखी लालपासून सुरू.
एका रकान्यात अक्षरांची जागा बदलली.
साप शुद्धीवर आला

आणि उलटा चालू लागला.
वेल्डरनं तार फण्याकडून चढवली होती,
पडद्यावर मी पहिला दिवा शेपटीला मांडलेला.
तेही फिरवलं.
एकशेसत्तर दिव्यांना एक खातं भरतं,
दोन जागा उरतात, तिथे तीन रंगांचा दिवा मावत नाही.
त्या दोन तशाच सोडून पुढचं खातं उघडायचं.
त्या दोन जागांचं मला उगाच वाईट वाटलं. झोप नसली की असं होतं.

अकराच्या सुमारास यादोराव आले, सायकल शेडला टेकवून.
गिरणी चालू होती तेव्हा झाकीचे दिवे यांच्या हातात.
लाकडी रूळ, त्यावर पितळी पट्ट्या,
शिलाई मशिनची मोटर.
रूळ फिरायचा, पट्टी घासायची,
जिलेटिनचा कागद गुंडाळलेले साठ बल्ब
लागायचे, विझायचे,
आणि जेल रोडवर पोरं बापाच्या खांद्यावरून उतरायला तयार नसायची.

"यात रंग किती येतात?"
"एक कोटी सदुसष्ट लाख."
"मग त्यातले लावणार कोणते?"
मी म्हटलं, चार.
ते हसले नाहीत. मान हलवली. चार बरोबर.

सगळे पांढरे करून बघितले.
फणे दुधासारखे,
कमरेपाशी साय धरल्यासारखे,
शेपटीला पाणचट चहा.
मी उजेडाचे आकडे वर-खाली करत राहिले, अर्धा तास.
"पडद्यात नको शोधूस," यादोराव म्हणाले,
"शेवटच्याला पुरत नाहीये. मागून तार दे."
दिली. शेपटी पांढरी झाली.

मग दोनशे चौदावा गेला.
तो एकटा नाही, त्याच्यापुढचे सगळे.
मी सांगितलं: पहिला दिवा आपला रंग काढून घेतो,
उरलेलं पुढच्याला देतो,
तो आपला घेतो, उरलेलं पुढे.
मधला मेला की पुढे काही पोचत नाही, वीज असली तरी.
यादोराव बराच वेळ त्या अंधाऱ्या भागाकडे बघत बसले.
"पगाराच्या खिडकीसारखं," म्हणाले.
शेवटच्या वर्षी रांगेत ते कितवे होते
ते मी विचारलं नाही.
चिमट्यानं तार तोडली, नवा जोडला, वर नळी शेकली.
मेलेला खिशात टाकला.

पहाटे ते बोट वाजवायला लागले, लॅपटॉपच्या कडेवर.
टक टक टक टक टक टक टक
आणि एक श्वास,
मग पुन्हा.
"सातव्यानंतरची पट्टी झिजलेली," ते म्हणाले,
"बदलायची राहून गेली. एकोणतीस वर्षं."

पाच चौकटींचं एक पाऊल धरलं,
सात पावलं,
पुढे तीन चौकटी रिकाम्या.
गोविंद झोपेतून उठून म्हणाला, दीदी, साप अडखळतोय.
अडखळू दे, म्हटलं,
आणि फाइल जतन केली.