दुसरी प्रत

गंगाखेडात, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
माझं झेरॉक्सचं दुकान.
मागल्या भादव्यात पाणी आलं ते रात्री, न बोलता,
शटरखालून कुणी सतरंजी सरकवावी तसं.
सकाळी खय्यूमभाईंच्या शिलाई मशिनी
गाळात गुडघे टेकून बसलेल्या.
जिन्याच्या भिंतीवर रेघ राहिली,
माझ्या खांद्याएवढी.

म्हणून यंदा वैशाखातच,
गिऱ्हाईक फिरकत नाही त्या दुपारी
वही घेऊन दुकानोदुकानी गेले.
सवाल एकच:
पाणी निघालंय, हातात अर्धा तास आहे,
आधी काय उचलाल?

सोनटक्के किराणावाले म्हणाले, "गल्ला."
मग म्हणाले, "नाही, तेलाचे डबे."
मग बाहेर जाऊन पिचकारी टाकून आले,
"उधारीची वही. गल्ल्यात काय असतं?"
येवतीकर मेडिकलवाल्यांचा जीव इन्शुलिनच्या फ्रीजात.
लाईट गेल्यावर बर्फ कुणी द्यायचा
हे ठरायला चार दिवस गेले,
शेवटी कुल्फीवाल्या नरहरीनं मान हलवली.
खय्यूमभाई नुसते हसले:
"बाई, मशीन लोखंडाची. माझ्या पाठीचं बोला."
मी लिहिलं, दोन पोरं लागतील.
पोरांची नावं लिहिली. त्यांच्या आयांचे नंबरही,
कारण पोरं फोन उचलत नाहीत.

मग म्हटलं, कागद आणा.
परवाना, विमा, बिलं, वह्या.
एक प्रत तुमच्यापाशी,
दुसरी माझ्या बहिणीकडे, चढावरच्या घरात,
पत्र्याच्या पेटीत.
सोनटक्क्यांनी वही आणली, पण पानं स्वतःच उलटली.
"अर्ध्या गावाची अब्रू आहे, वाचायची नाही."
मी वाचली नाही.
माझं नाव दिसलं तेवढं. चौदाशे साठ.

मथुराबाईच्या चहाच्या गाड्यावर कागदच नव्हता.
"कोणाचं किती, मपल्या ध्यानात हाय."
"आणि तुम्हीच नसलात तर?"
ती पातेल्याकडे बघत राहिली.
चहा उतू गेला.
दिवेलागणीला आपणच आली, स्टुलावर बसली,
डोळे मिटून सांगू लागली:
स्टँडवरचा कंट्रोलर, बावीस.
बँकेतला नवा पोरगा, आठ,
पर त्याची आई दवाखान्यात हाय, मागू नका.
कोर्टातले बेलिफ, बिनसाखरेचा, नव्वद.
मी फक्त आकडे लिहीत होते.
तिनं थांबवलं.
"बिनसाखरेचा ल्ह्या.
अन् मागू नका, ते बी."

ज्येष्ठात एका रविवारी खोटाच भोंगा वाजवला.
धावाधाव, शिव्या, एक बरणी फुटली,
लोणच्याचा वास आठवडाभर.
बावन्न मिनिटं लागली.
म्हणजे बुडालोच असतो,
असं येवतीकर अगदी खुशीत म्हणाले.

तेव्हा खय्यूमभाईंनी माझ्या हातातली यादी घेतली,
चष्मा वर करून वरपासून खालपर्यंत वाचली.
सगळ्या दुकानांपुढे नावं.
माझ्याच रकान्यात काही नाही.
नव्वद किलोचं मशीन, आणि मी एकटी.
"सगळ्यांची झेरॉक्स काढली, बाई.
तुमची कोण काढणार?"

त्याच संध्याकाळी चौघांनी मशीन वर नेलं,
ते आता वरच आहे.
गिऱ्हाईक जिना चढतं, कुरकुरतं,
एका आधार कार्डासाठी गुडघे झिजवायचे का, विचारतं.
उतरताना मात्र हरेकाचा हात
तोल सावरायला नेमका त्या रेघेवर पडतो.
रेघ पुसट होत चाललीय.
मी महिन्या-पंधरा दिवसांनी
खडूनं पुन्हा ओढते.