पाण्याची खूण

निमिष म्हणतो, मावशी, तू खेळात फारच चांगली आहेस गं.
म्हणजे खेळायला नाही. वागायला.

ढाल विकून मी आंधळ्या नावाड्याचं कर्ज फेडलं होतं,
ओसाड घरातली, माठाखालची चांदीची नाणी
होती तिथेच राहू दिली,
आणि हात जोडणाऱ्या दरोडेखोराला
जा म्हटलं, वर भाकरी दिली.
तो पुढच्याच वळणावर आडवा आला, तलवार घेऊन.
मी पुन्हा जा म्हटलं.

निमिष हसता हसता सोफ्यावरून खाली.
दांडिया बाजार, तिसरा मजला, रात्रीचे पावणेबारा.
विश्वामित्री उतरून नऊ दिवस झाले होते
आणि शहराला अजून ओल्या गादीचा वास.

दिवसा मी विम्याची सर्व्हेअर.
टेप, कॅमेरा, गमबूट, तीन पानी फॉर्म.
पाणी किती चढलं ते भिंत सांगते,
मी फक्त लिहिते.
फक्त हा शब्द मी फार वापरते.

रावपुऱ्यात जशुभाईंचं शिलाई मशिनांचं दुकान.
भिंतीवर दोन रेघा होत्या:
एक ठळक, गुडघ्याच्या जरा वर,
जिथे पाणी तीन दिवस बसून होतं.
एक पुसट, माझ्या छातीशी,
जिथवर ते एका रात्रीपुरतं येऊन गेलं.
पुसट रेघ फोटोत नीट येत नाही.
मी ठळक लिहिली.
वरच्या फळीवरची अकरा मशिनं
त्या एका आकड्यात कोरडी झाली.

बेन, बराबर लखजो, म्हणाले जशुभाई,
आणि शेजारून चहा मागवला.
आलं घातलेला होता. मी प्यायले.

त्याच रात्री नावाड्याचं कर्ज फेडलं.

आता यात मी कुठली?
तिथे मला साहेब नाही, हप्ता नाही,
भरूचला बदली नाही,
म्हणून जी उरते ती खरी?
की ढाल विकून जे दिलं
ते माझ्या खिशातून गेलंच नव्हतं?

निमिषला एक सांगितलेलं नाही.
तो क्लासला गेला होता, रविवार,
मी मागच्या टप्प्यावर जाऊन नावाड्याला पाण्यात ढकललं.
बघावं म्हणून.
पडताना तो म्हणाला, कोण आहे?
मग पुन्हा मागे गेले, पुन्हा ढकललं.
तेच, त्याच आवाजात: कोण आहे?
चारदा.
नंतर भेंडी चिरली.

आणि हा निमिष,
जो गावंच्या गावं पेटवतो,
हात जोडलेले दिसले की आधी बाण सोडतो,
तो, पूर ओसरला त्या सकाळी
सोसायटीच्या गटारात मगरीचं पिल्लू निघालं तेव्हा
बादलीवर ओलं पोतं धरून दोन तास उभा,
वनखात्याची जीप येईपर्यंत,
त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत.
काय बोलत होतास, विचारलं
तर कान लाल झाले त्याचे.

मी निष्कर्ष काढत नाही.
निष्कर्षाचा रकाना साहेब भरतात.

पण ते 'फारच चांगली'
दाताला लागलेल्या धाग्यासारखं
दिवसभर जिभेला सापडत राहतं.

परवा रावपुऱ्यात गेले होते, रिळं हवी होती.
रिळं काय, दांडिया बाजारातही मिळतात.
जशुभाई दुकानाला चुना देत होते, स्वतःच,
बनियनवर, स्टुलावर चढून.
पहिला हात झाला होता.
खालची ठळक रेघ गेली होती पूर्ण.
वरची, ती पुसट,
चुना वाळेल तसतशी
पिवळी होऊन परत दिसायला लागली होती.

बेन, चा पीशो?

पर्समध्ये टेप होती.
रविवार होता.